मोटरसायकल घेताना चेन की बेल्ट: निवड कशी करावी

इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत चेनने न्यावी की दातेरी बेल्टने, याचा निर्णय गाडी घेतानाच करावा लागतो, कारण चेनच्या गाडीला नंतर बेल्ट बसवायचा म्हटले तर दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) जागी बेल्टसाठीच्या रुंद पुल्या लागतात आणि तेवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून आपला रोजचा रस्ता कसा आहे, हे आधी पाहावे.

रस्ता डांबरी असेल आणि देखभालीचा कंटाळा असेल, तर बेल्ट सोयीचा पडतो. हार्ले-डेव्हिडसनने १९८० च्या स्टर्जिस या मॉडेलवर तो दिला आणि पुढे तो त्या कंपनीच्या मोठ्या गाड्यांची ओळख बनला. (त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या एक्स४४० ला मात्र चेनच आहे, नुसत्या नावावर जाऊ नये.) आपल्याकडे एथर ४५० या विजेच्या स्कूटरलाही बेल्ट आहे. आतल्या ॲरामिड (एक मजबूत कृत्रिम धागा) किंवा कार्बन तंतूंमुळे तो सहसा सैल पडत नाही, आवाज कमी करतो आणि त्याला तेल लावायचेच नसते. मात्र पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये खडा सापडला की बेल्टला भोक पडू शकते, तंतू तुटल्यावर दुरुस्ती नसते, आणि बेल्ट अखंड असल्याने तो बदलताना बहुतेक मोटरसायकलींचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा सांगाड्याचा हलता भाग) सोडवावा लागतो.

खडीचा, चिखलाचा रस्ता असेल किंवा गावापासून लांब जाणे होत असेल, तर माझ्या मते चेनच घ्यावी. ती कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, शिवाय स्प्रॉकेटचे दाते कमी-जास्त करून ओढ बदलता येते. त्याबदल्यात तिची सेवा करावी लागते. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याआधीही, मऊ ब्रशने रॉकेल लावून चेन साफ करावी, कोरडी पुसावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल खालच्या पट्टीच्या (दोन्ही स्प्रॉकेटमधल्या चेनच्या खालच्या भागाच्या) आतल्या बाजूने सोडावे. ओ-रिंग (कड्यांमधले ग्रीस आत राखणारी रबरी चकती) असलेल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य समजावा, कारण रबर खराब झाले की आतले ग्रीस निघून जाते. खालच्या पट्टीच्या मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून सैलपणा मोजावा. पुष्कळ गाड्यांना तो २५ ते ३५ मिलिमीटर असतो, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावे आणि जिथे ती सर्वांत घट्ट लागेल तिथला सैलपणा योग्य ठेवावा.

जुनी गाडी पाहताना मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडत असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट अशा पूर्ण सेटची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. बेल्टच्या गाडीत तुटके दाते, कडेला सुटलेले तंतू आणि मधली भोके उजेडात तपासावीत, आणि नव्या बेल्टची किंमत व तो मिळायला लागणारे दिवस सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय विसार देऊ नये.