सॉफ्ट प्लास्टिकसाठी लाईन: जाडी आधी, पौंड नंतर

गळाने मासे धरताना लावायचा तीन इंची रबरी शॅड (सॉफ्ट प्लास्टिकचा खोटा मासा) आणि 5 ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) मिळून आठ-दहा ग्रॅम भरतात. एवढं हलकं ओझं लांब न्यायचं, सरळ खाली उतरवायचं आणि तळाशी काय लागलं ते बोटापर्यंत पोचवायचं, ही तिन्ही कामं लाईनची. म्हणून लाईन किती किलोचा मासा ओढेल हे नंतर बघा, आधी तिची जाडी बघा.

सॉफ्ट प्लास्टिकला मासा बहुतेक वेळा ते खाली पडत असतानाच तोंड लावतो. त्या क्षणी रील थांबलेली असते आणि लाईन किंचित सैल असते. तिथे 0.35 मिमीचा तंगूस (नायलॉनची लाईन) असेल तर पाणी त्याला धरून ठेवतं, लाईनला पोट सुटतं आणि जिगहेड खाली जाण्याऐवजी झोका घेत काठाकडे येतं. मासा ल्युअर (खोटं आमिष) तोंडात घेतो, रबर ओळखतो, थुंकतो. हाताला काही कळत नाही. मग इथे मासेच नाहीत असं म्हणून जागा बदलली जाते. मे-जूनमध्ये माळव्यात वारा सुटला की हे पोट आणखी वाढतं.

इंदूरच्या आसपास, चोरलसारख्या धरणाच्या मोकळ्या पाण्यात 5 ते 10 ग्रॅमच्या जिगहेडसाठी 2500 साईझची रील आणि पीई 0.8 किंवा 1 ची ब्रेड लाईन (बारीक धागे विणून केलेली; पीई हा तिच्या जाडीचा क्रमांक) घ्या. पीई 0.8 म्हणजे साधारण 0.148 मिमी, पीई 1 म्हणजे 0.165 मिमी. पीई 1 चांगल्या प्रतीची असेल तर 15 ते 20 पौंड, म्हणजे सात ते नऊ किलो ताण सोसते. ब्रेड ताणली तरी फारशी लांबत नाही, त्यामुळे तीस मीटरवरची टिचकीही रॉडवर येते. आठ पदरी ब्रेड गुळगुळीत असते आणि लांब जाते. चार पदरीचे पदर जाड असतात, म्हणून ती घासणं जास्त सोसते. दगडाळ काठावर आम्ही चार पदरीच सुचवू. रंग पिवळा किंवा पोपटी घ्या. पडत्या ल्युअरची लाईन मध्येच थांबली किंवा बाजूला सरकली, तर तोच मासा, आणि ते डोळ्यांना दिसायला हवं.

मोनो, म्हणजे नायलॉनचा साधा तंगूस, स्वस्त आहे आणि गुंताही कमी करतो. शिकणाऱ्याने 0.22 ते 0.25 मिमीचा भरून सुरुवात केली तरी चालेल. पण तुटेपर्यंत तो वीस-पंचवीस टक्के लांबू शकतो, पाणी पितो आणि उन्हाने कमकुवत होतो. दर हंगामाला बदला.

ब्रेड थेट जिगहेडला बांधू नका. माळव्याच्या काळ्या दगडाची कड लागली की ताणलेली बारीक ब्रेड क्षणात कापली जाते. पुढे 80 सेंमी ते 1 मीटर फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे ब्रेड आणि जिगहेडच्या मधला वेगळ्या लाईनचा तुकडा लावा, 10 ते 12 पौंडांचा. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, घासणं सोसतो आणि पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतो. ब्रेड मात्र तरंगते. लीडर ब्रेडपेक्षा कमी ताकदीचाच ठेवा, म्हणजे अडकल्यावर तो तुटेल आणि पन्नास मीटर ब्रेड तळात राहणार नाही. अडकलेली ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट चिरतं. लाकडाच्या तुकड्यावर चार वेढे घ्या आणि मग ओढा.

जलपर्णीत मरळ (इकडे सांवल म्हणतात) धरायला रबरी बेडूक टाकत असाल तर हिशेब पूर्ण उलटा होतो. तिथे 40 ते 50 पौंडांची ब्रेड हवी, लीडरशिवाय. ती देठ कापत येते. मोनो ताणला जातो, गळ जबड्यात घुसत नाही आणि मासा देठांत गुंडाळून बसतो.

खोक्यावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. 0.20 मिमी आणि 40 पौंड असं साध्या मोनोवर छापलेलं असेल तर ते शक्यच नाही. पेन्सिलीवर पन्नास वेढे एकमेकांना चिकटून घ्या आणि पट्टीने मोजा. 10 मिमी भरले तर लाईन 0.20 मिमी, 14 भरले तर 0.28. ब्रेड चपटी होते, म्हणून तिचं हे माप ढोबळच समजा.

भरताना स्पूलवर (रीलच्या चकरीवर) आधी आठ-दहा मीटर मोनो घ्या, नाहीतर ब्रेड स्पूलवर घसरते आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडल्यासारखं वाटतं. ब्रेड ओल्या फडक्यातून घट्ट ओढत भरा आणि कडेपासून दीड-दोन मिमी जागा सोडा. सैल किंवा काठोकाठ भरलेली ब्रेड फेकताना वेढ्यांनिशी निसटते आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. फेकल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कडी) हाताने बंद करा आणि रील फिरवण्याआधी लाईन एकदा ताणा. निम्मे गुंते इथेच टळतात.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून जाताना अडत नाही. जमत नसेल तर डबल युनी गाठ, ब्रेडच्या बाजूने आठ वेढे आणि लीडरच्या बाजूने चार-पाच. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि फ्लोरोकार्बन गाठीजवळ कुरळा होतो. असा कुरळा दिसला की कापा आणि पुन्हा बांधा. जिगहेडला न सरकणारा लूप बांधलात तर शॅड मोकळा हलतो.

ड्रॅग लटकत्या वजनकाट्यावर लावा. 12 पौंडांचा लीडर म्हणजे 5.4 किलो, त्याच्या पाव हिश्श्यावर, म्हणजे 1.3 ते 1.4 किलोवर रीलमधून लाईन सुटली पाहिजे.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. बाकीच्या दिवसांतही तलाव ज्यांच्याकडे ठेक्याने आहे त्यांना विचारूनच उतरा. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, ही पक्ष्यांची घरं आहेत आणि काठावर टाकलेली ब्रेड वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळ्याच्या पायात अडकलेला वेढा त्याला सोडवता येत नाही. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात ठेवा आणि घरी कात्रीने बोटाएवढे तुकडे करून मगच कचऱ्यात टाका.