गिझर बसवायच्या आधी भिंत तपासली म्हणून वाचलो

गिझर बसवायला माणूस येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी सहज म्हणून बाथरूमची भिंत बोटांनी ठोकून बघितली तर दोन टाइल्स चक्क पोकळ वाजल्या आणि मागच्या खोलीत त्याच जागी रंगाला फुगवटा, जो मी इतके दिवस रंगवाल्याच्या माथी मारत होतो. मग घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघितला, काटा हळूहळू फिरतच होता, म्हणजे आतला पाइप कुठेतरी गळतोय. आता २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलो, वर टाकीचं वजन वेगळं, ते त्या भुसभुशीत प्लास्टरवर टांगलं असतं तर?? टाइल्स काढल्या, जॉइंट बदलून घेतला, भिंत नीट सुकेपर्यंत थांबलो (घरच्यांची कुरकुर ऐकत) आणि मगच नवीन प्लास्टर.

वायरिंगचंही तेच, सॉकेट १६ अँपिअरचं होतं पण उघडलं तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही, नुसती लोंबतेय! ती इलेक्ट्रिशियनकडून जोडून, तपासून घेतली. ड्रिल मारताना स्विचबोर्डच्या सरळ वरची पट्टी सोडायला सांगितली, वायर बहुतेक तिथूनच उभी गेलेली असते.