विनातारण कर्ज थकलंय? फोनला घाबरून पाकिटाकडे दुर्लक्ष करू नका

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज, पतसंस्थेचं जामीनकी कर्ज. यांत घर, सोनं, गाडी काहीच गहाण नसतं. त्यामुळे हप्ते थकले की काहींना वाटतं आता पोलीस येऊन उचलून नेणार. काही म्हणतात, तारणच नाही तर घेणार काय? दोन्ही समज चुकीचे आहेत. तारण नसल्यामुळे बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याखाली परस्पर मालमत्तेचा ताबा घेता येत नाही, फरक एवढाच. बाकीचे मार्ग खुले असतात, पण ते दिवाणी कोर्ट, लवाद (कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच), न्यायाधिकरण किंवा सहकार खात्याच्या कचेरीतून जातात. तिथे बोलतो तो कागद, आणि कागदावर तारीख असते. लोकांची गफलत इथेच होते. ज्या फोनमागे कुठलाही हुकूम नसतो त्याला घाबरून झोप उडते, आणि ज्या पाकिटात मुदत चालू झालेली असते ते न फोडता परत जातं.

रजिस्टर पाकीट न घेणं

"नोटीस घेतलीच नाही तर केस कशी चालेल?" हा सल्ला कट्ट्यावर फुकट मिळतो आणि फार महागात पडतो. बरोबर पत्त्यावर आलेलं रजिस्टर पाकीट तुम्ही नाकारलंत आणि पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला, तर नोटीस पोचली असंच कोर्ट सहसा धरतं. समन्सचंही तेच. तुम्ही गेला नाहीत तर दावा थांबत नाही, एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) होतो. तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचं सबळ कारण दाखवावं लागतं. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मात्र पुढची १२ वर्षं मागता येते.

त्यातही समन्स कोणत्या प्रकारच्या दाव्याचं आहे ते पाहा. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी जबाब, द्यायला ३० दिवस असतात, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. पण लेखी करारावरची ठरावीक रक्कम वसूल करायला बँका बऱ्याचदा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली 'समरी' दावा लावतात. तिथे समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करायचीसुद्धा परवानगी मागावी लागते. "पुढच्या आठवड्यात वकील बघू" म्हणणाऱ्यांचे दहा दिवस तिथेच संपतात.

थकबाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर बँक कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते. तारण नसलेली कर्जंही तिथे चालतात.

सही केलेला कोरा चेक विसरणं

कर्ज घेताना दिलेले चेक लोकांच्या लक्षातही नसतात. चेक वटला नाही की बँकेने तो परत केल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत सावकाराने, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा संस्थेने, तुम्हाला नोटीस पाठवायची असते. ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. ते गेले की पुढच्या एका महिन्यात पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनातारण कर्जात तुरुंगाचा जो काही खरा धोका आहे तो मुख्यतः इथे आहे. ई-मँडेटचा (खात्यातून आपोआप कापून घ्यायला दिलेल्या परवानगीचा) हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली अशीच कारवाई होते.

"चेक कोरा होता, रक्कम त्यांनी भरली" हा बचाव एकटा टिकत नाही. सही तुमची असेल तर चेक कर्ज फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो. ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येते. त्या १५ दिवसांत नोटिशीला उत्तर द्या. रक्कम चुकीची असेल, काही हप्ते धरलेच नसतील, तर ते उत्तरात लिहा. हा गुन्हा आपसात मिटवता येतो, त्यामुळे तडजोडीची बोलणी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकतात.

पतसंस्थेला बँकेपेक्षा कमी समजणं

महाराष्ट्रात ही चूक सर्रास होते. 'आपलीच संस्था आहे, चेअरमन ओळखीचे आहेत' म्हणून आधी बँकेचे हप्ते भरले जातात आणि पतसंस्थेचे मागे राहतात. पण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका दिवाणी कोर्टात न जाता सहकार खात्याच्या निबंधकाकडून थेट वसुली दाखला घेऊ शकतात. गावोगाव ज्याला 'एकशेएकचा दाखला' म्हणतात तो हाच. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो तो अधिकार घेऊन येतो.

दाखल्याआधी उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांच्या कार्यालयात सुनावणी असते. खातेउताऱ्यात चूक असेल, व्याज करारापेक्षा जास्त लावलं असेल, भरलेल्या पावत्या जमा दिसत नसतील, तर ते सांगायची जागा ही. कारण दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी) मागायचं झालं तर साधारणपणे वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. पगारदार पतसंस्थेचं कर्ज असेल तर कलम ४९ खाली तुम्ही पगारातून कपातीला संमती दिलेली असते. तिथे मालक परस्पर कापून पाठवतो.

लवादाचा मेसेज 'स्पॅम' समजणं

खासगी बँका आणि वित्त कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम असतं. नोटीस ईमेलने येते, कधी व्हॉट्सॲपवर, आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवर. हे सगळं बनावट वाटावं असंच दिसतं, त्यात लोकांचा दोष नाही. पण लवादाच्या निवाड्याला हुकूमनाम्याइतकंच बळ असतं आणि त्याला आव्हान द्यायला तीन महिने, फार तर वर ३० दिवस मिळतात. सावकाराने एकट्याने स्वतःच्या मर्जीचा लवाद नेमणं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हा आक्षेप पहिल्याच उत्तरात लेखी घ्या. मेसेज खरा आहे का, हे करारावरच्या अधिकृत पत्त्यावर विचारून खात्री करा. मेसेजमधल्या लिंकवरून नको.

"बायकोच्या नावावर करून टाकतो"

हुकूमनामा झाल्यावर सावकाराला दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. मग बँक खातं गोठवणं, पगारावर जप्ती, जमीन-फ्लॅटवर टाच, असे मार्ग येतात. या भीतीने लोक घाईघाईने बक्षीसपत्र करतात. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. शिवाय दावा चालू असताना तुम्ही मालमत्ता हलवताय असं दिसलं तर कोर्ट निकालाआधीच जप्ती करू शकतं.

याहून वाईट म्हणजे, त्यातून तुमची बदनियत सिद्ध होते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी तुरुंगाची तरतूद कायद्यात आहे, पण नुसती ऐपत नाही म्हणून कुणाला आत टाकता येत नाही. ऐपत असून टाळाटाळ केली किंवा मालमत्ता लपवली असं दिसावं लागतं. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हेच म्हटलं. बाईमाणसाला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होतच नाही.

खरं तर कायद्यानेच बरंच काही वाचवलेलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पाहा: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ यांवर टाच येत नाही. पगारात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे ४०,००० पगार धरला तर महिन्याला १३,००० पर्यंत जप्ती, तीही सलग किंवा तुटक मिळून एकूण २४ महिने झाली की थांबते.

एक गोष्ट मात्र कोर्टाशिवाय होते. कर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर करारातल्या अधिकाराने बँक खात्यातली शिल्लक थकबाकीत वळती करते. पगार त्याच खात्यात येत असेल तर आधीच बोलून हप्ता बांधून घ्या.

फोनवर भांडणं, किंवा नंबर बदलणं

वसुली एजंटकडे जप्तीचा, अटकेचा, घरात घुसायचा कसलाही अधिकार नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ नाही, नातेवाइकांसमोर, मित्रांसमोर अपमान नाही. कर्जाच्या ॲपने फोनमधली नावं आणि फोटो उचलण्यालाही मनाई आहे. व्हॉट्सॲपवर येणारं 'अटक वॉरंट' बहुधा कुणीतरी टाइप केलेलं असतं. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. कर्ज घेतानाच फसवायचा हेतू होता असं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून काय करायचं? भांडायचं नाही. एजंटचं नाव आणि ओळखपत्र विचारा, कॉल रेकॉर्ड करा, बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क होते. सिम बदलून आणि घर बदलून गायब होणाऱ्यांचं नुकसान असं, की धमक्या थांबतात खऱ्या, पण समन्स जुन्या पत्त्यावर जात राहतं.

जामीनदाराला शेवटी सांगणं

"आधी कर्जदाराकडून घ्या, मग माझ्याकडे या" असं जामीनदाराला म्हणता येत नाही. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सावकार सरकारी पगार असलेल्या जामीनदाराकडेच आधी वळतो. हप्ता थकणार असं दिसताच त्याला सांगा. कर्जदार वारला तर वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होते. मुलाच्या स्वतःच्या कमाईतून नाही, तो जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर.

तीन वर्षांचं गणित अर्धवट माहीत असणं

पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत. पण मुदतीच्या आत तुम्ही सही करून 'एवढी बाकी मान्य' असं लिहून दिलंत, किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद केलीत, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. 'पाचशे तरी टाका' या आग्रहामागे कधीकधी हेच असतं. मुदत उलटून गेल्यावर फेडायचं लेखी वचन दिलं तर तेही नवा करार म्हणून बांधून घेतं. दुसरीकडे, 'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे; तो बँकेच्या ताळेबंदातला हिशेब आहे, वसुली चालूच राहते.

तोंडी तडजोड

एकरकमी तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भराल ते फक्त कर्ज खात्यात; एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. पत्रात रक्कम, तारखा, 'उरलेली बाकी सोडली' हे वाक्य आणि चालू केस मागे घेण्याचं कलम पाहा. हप्त्यांत ठरलं असेल तर एक हप्ता चुकला की बहुतेक पत्रांत सवलत रद्द होऊन पूर्ण रक्कम उभी राहते. केस कोर्टात असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवणं उत्तम, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

पूर्ण फेड आणि तडजोड यांत क्रेडिट अहवालात फरक पडतो: दुसऱ्या बाबतीत 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढचा सावकार ती वाचतो. पैसे भरल्यावर बाकी नसल्याचा दाखला, दिलेले चेक आणि मूळ कागद परत घ्या आणि दीडेक महिन्याने अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक मोफत मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ती ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.