चौदा महिने वाट पाहिली, आता घ्यायचं का? एक्सपान्शन पारखायची माझी रीत

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा मासिक वर्गणीचा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांनी नव्या एक्सपान्शनसाठी, म्हणजे वेगळा विकत घ्यायच्या मोठ्या जोडभागासाठी, लागोपाठ दोनदा चौदा-चौदा महिने वाट पाहिली आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये 'सीज ऑफ ऑर्ग्रिमार'चा पॅच (खेळात भर घालणारा अपडेट) आला आणि त्यानंतर नवीन काही मिळालं ते थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये, 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर'. मग जून २०१५ चा 'हेलफायर सिटाडेल'चा पॅच, आणि पुन्हा तेवढाच दुष्काळ काढल्यावर ३० ऑगस्ट २०१६ ला 'लीजन'. दोन्ही एक्सपान्शनच्या पहिल्या दिवशी ३३ लाखांहून जास्त प्रती खपल्या. वाट तेवढीच, खप तेवढाच. पण ड्रेनॉर आलं तेव्हा एक कोटीच्या वर गेलेले सदस्य पुढच्या जूनअखेर ५६ लाखांवर उतरले होते. लीजनचं नाव मात्र जुने खेळाडू आजही आदराने काढतात.

मी दोन्ही वेळा खेळत होते. प्रीस्ट, म्हणजे साथीदारांना बरं करणारी हीलर, युरोपच्या सर्व्हरवर. तिकडे रात्री आठला रेड (बऱ्याच जणांनी मिळून मोठे शत्रू पाडायची मोहीम) सुरू व्हायची तेव्हा थंडीच्या दिवसांत आपल्याकडे साडेबारा वाजलेले असायचे. सकाळी कामावर जायचं असताना इतक्या उशिरा जागायचं, तर समोरचा खेळ त्या तोडीचा हवा, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. नवीन एक्सपान्शन जाहीर झालं की माझा मावसभाऊ विचारतो, "ताई, घेऊ का?" त्याला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगते ते इथे नीट मांडते.

मूळ मुद्दा आधीच सांगते. वाट किती पाहिली यावरून एक्सपान्शनची किंमत ठरवू नका, आणि पहिल्या आठवड्यावरूनही नको. पहिला आठवडा सगळ्यांचाच चांगला जातो. तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या साध्या बुधवारी लॉगिन करून तुम्ही काय करणार आहात, हा प्रश्न धरून ठेवा. त्याचं उत्तर बरंचसं आधी काढता येतं.

वाट मोजायची कुठून?

घोषणेपासून मोजू नका. दोन एक्सपान्शनमधलं अंतरही धरू नका. जुन्या खेळात शेवटची खरी भर कधी पडली तिथपासून मोजा.

गिल्ड वॉर्स २ चं 'पाथ ऑफ फायर' सप्टेंबर २०१७ चं आणि 'एंड ऑफ ड्रॅगन्स' फेब्रुवारी २०२२ चं. ऐकायला साडेचार वर्षं. पण मधल्या काळात लिव्हिंग वर्ल्ड नावाच्या चालू कथेचे भाग येत होते, नवे नकाशे मिळत होते, आणि त्या खेळाला मासिक वर्गणीही नाही. याउलट वॉरक्राफ्टच्या त्या चौदा महिन्यांत गॅरोश हेलस्क्रीम या त्याच शेवटच्या शत्रूला दर आठवड्याला पाडायचं, तेच चिलखत कुणाला मिळतं ते पाहायचं, आणि दरमहा पैसे भरायचे. युरोपातली वर्गणी तेव्हा १२.९९ युरो होती. चौदा महिने चालू ठेवली असेल तर १८० युरोंच्या वर जातात, म्हणजे एक्सपान्शनच्या किमतीच्या कितीतरी पट. वाट पाहण्यात खरा पैसा जातो तो इथे. म्हणून पहिलं काम: शेवटचा पॅच खेळून झाला की वर्गणी बंद करा. कॅरेक्टर कुठे जात नाही, गिल्ड, म्हणजे आपला खेळाडूंचा गट, तीही भेटते.

घोषणेची यादी लिहून ठेवा

ही सवय मला ड्रेनॉरने लावली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्लिझकॉनला, म्हणजे खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीच्या मेळाव्यात, ते जाहीर झालं तेव्हा काय काय सांगितलं होतं ते आठवतं. खेळातल्या दोन पक्षांपैकी होर्डची राजधानी ब्लेडस्पायरमध्ये, अलायन्सची कॅराबोरच्या मंदिरात. गॅरिसन म्हणजे तुमची स्वतःची छावणी, ती हव्या त्या प्रदेशात वसवता येईल. फाराहलॉन नावाचा आणखी एक प्रदेश. प्रत्यक्षात राजधान्या ॲशरान बेटाच्या टोकांवरच्या दोन छोट्या ठाण्यांत गेल्या. गॅरिसन ठरलेल्या जागीच बांधावी लागली, होर्डची फ्रॉस्टफायर रिजमध्ये आणि अलायन्सची शॅडोमून व्हॅलीत. फाराहलॉन कधी आलंच नाही.

गोष्टी वगळल्या जाणं हे वाईट लक्षण असतंच असं नाही. खेळ बनवताना काहीतरी गळतंच. पण काय गळलं ते पाहा. वाहन, पोशाख, एखादा मिनीगेम गळला तर सोडून द्या. जिथे माणसं एकत्र जमणार होती तीच जागा गळली असेल तर सावध व्हा. कॅराबोरमध्ये शेकडो खेळाडू लिलावघरापाशी उभे राहिले असते. ॲशरानच्या ठाण्यात मी कामापुरती जायचे आणि परत फिरायचे.

म्हणून घोषणेच्या दिवशी ठळक सात-आठ गोष्टी वहीत किंवा मोबाइलवर उतरवा. बीटा (प्रकाशनाआधीची चाचणी) सुरू झाला की त्यांच्यापुढे खुणा करा. ट्रेलर पुन्हा पाहू नका, त्याने मन वाहवतं. ड्रेनॉरचा ट्रेलर फार सुंदर होता, आणि लेव्हलिंगही, म्हणजे कॅरेक्टरची पातळी वाढवत नेण्याचा भागही, खरोखर उत्तम होतं. शॅडोमून व्हॅलीत व्हेलेन या पात्राची कथा संपली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले होते. त्या कामाबद्दल मला आजही आदर आहे.

बुधवारची परीक्षा

लेव्हल १०० झाल्यावर ड्रेनॉरमधला माझा दिवस असा असायचा. लॉगिन केलं की मी गॅरिसनमध्ये उभी. आधी खाणीत उतरायचं, खनिज खणायचं, आतल्या ढकलगाड्या फोडायच्या. वर येऊन वाफ्यातल्या औषधी वनस्पती तोडायच्या. कारागिरांकडची वर्क ऑर्डर उचलायची, नवी लावायची. मग टाऊन हॉलमधलं मिशन टेबल: कोणता फॉलोअर (खेळानेच दिलेला साथीदार) कुठल्या मोहिमेवर पाठवायचा ते जुळवायचं, बटण दाबायचं, आणि काही तासांनी सोनं हातात. झालं. या सगळ्यात दुसरा एकही खेळाडू दिसायचा नाही, कारण गॅरिसनची प्रत्येकाला वेगळी प्रत मिळायची. बाहेर पडायची गरजच उरली नव्हती. ज्याला त्याला घरबसल्या वनस्पती मिळत होत्या, म्हणून माझ्या हर्बॅलिस्ट मैत्रिणीचा बाजारही बसला.

लीजनमध्येही मिशन टेबल होतं. फरक असा की पाय बाहेर पडत होते. सुरामार शहर घ्या. आत शिरायचं तर तिथल्या नाइटबॉर्न लोकांचा मायावी वेष घ्यायचा, आणि काही पहारेकऱ्यांच्या जवळून गेलं की तो वेष ओळखला जायचा. मग गल्लीतून पळा, पुलाखाली लपा. तिथली बंडाची कथा एकदम हातात न देता टप्प्याटप्प्याने उलगडली. शिवाय वर्ल्ड क्वेस्ट होत्या, त्या रोज वेगळ्या ठिकाणी न्यायच्या आणि तिथे अनोळखी माणसं भेटायची. आणि मिथिक प्लस: हातात एक कीस्टोन, वेळेत डंजन (पाच जणांची छोटी मोहीम) संपवलं की पुढच्या वेळी तेच जास्त अवघड. चार मित्र जमले की रात्र भरली. या एका कल्पनेने पाच माणसांच्या डंजनला महिनोन्महिने पुरणारं आयुष्य दिलं. ड्रेनॉरची आठ डंजन मात्र पहिल्या महिन्यातच संपली होती, आणि पुढे त्यांत नवीन एकाचीही भर पडली नाही.

तर बीटाचे व्हिडिओ पाहताना लेव्हलिंग आणि कटसीन (मधले सिनेमासारखे तुकडे) सोडा. कमाल लेव्हलला पोहोचलेला खेळाडू अर्धा तास काय करतो ते पाहा. तीन प्रश्न पुरतात. बाहेर पडावं लागतं का? दुसरी माणसं भेटतात का? आज हरलो तर उद्या पुन्हा करून पाहावंसं वाटेल असं काही आहे का? तिन्हींची उत्तरं नकारार्थी आली तर विकासाला चौदा महिने लागोत की चाळीस, माझे पैसे मिळणार नाहीत.

लीजनमध्ये सगळं गोड होतं असं समजू नका. लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, वस्तू नशिबावर मिळायच्या. गिल्डमधल्या एकाला पहिल्याच फटक्यात कामाची वस्तू मिळायची, दुसऱ्याच्या पदरात सेफूझची अंगठी, जिचा रेडमध्ये फारसा उपयोग नव्हता. आर्टिफॅक्ट पॉवर (शस्त्राची ताकद वाढवणारे गुण) गोळा करण्याच्या कामामुळे दुसरं कॅरेक्टर वाढवणं जिवावर यायचं. ज्यांना चार-पाच कॅरेक्टर खेळवायला आवडतात त्यांनी हे आधी पाहावं. मी एकाच प्रीस्टवर राहते, म्हणून मला ते झेपलं.

पहिल्या पॅचपर्यंत थांबता आलं तर थांबा

माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे. लीजननंतर आठ आठवड्यांनी, २५ ऑक्टोबर २०१६ ला ७.१ पॅच आला. त्यात नव्याने बांधलेलं कराझान होतं, एक मोठं डंजन. ड्रेनॉरचा ६.१ आला फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्यात सेल्फी कॅमेरा आणि खेळातून ट्विट करायची सोय यांचीच चर्चा जास्त झाली, आणि नवीन रेड जूनमध्ये. पहिल्या पॅचवरून कळतं की बनवणाऱ्यांच्या पेटीत अजून माल आहे, की जे होतं ते सगळं पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. लांबलेल्या विकासाचं खरं चीज इथे होतं: चौदा महिन्यांत पुढच्या वर्षाचीही तयारी झाली असेल तर ते महिने वाया गेले नाहीत.

तारीख पुढे ढकलली तर

घाबरू नका. फायनल फँटसी १४ चं 'एंडवॉकर' दोन आठवडे पुढे गेलं आणि ७ डिसेंबर २०२१ ला आलं. उतरलं तेव्हा लॉगिनच्या रांगा इतक्या वाढल्या, आणि एरर २००२ येऊन लोक रांगेतूनच इतके बाहेर फेकले जाऊ लागले, की कंपनीने डिसेंबरच्या मध्याला खेळाची विक्रीच थांबवली आणि सदस्यांना एकूण २१ दिवस फुकट दिले. या सगळ्याचा एक्सपान्शनच्या गुणवत्तेशी काही संबंध नव्हता. दहा वर्षं चालत आलेली कथा त्यात ज्या ताकदीने संपवली तसं काम ऑनलाइन खेळांत क्वचितच दिसतं. रांगेचा राग कथेवर काढू नका. रांग टाळायची असेल तर आपल्याकडे एक फायदा आहे: युरोपात भल्या पहाटेची वेळ असते तेव्हा आपली सकाळ झालेली असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी खेळा.

डेस्टिनी २ चं 'द फायनल शेप' फेब्रुवारी २०२४ वरून ४ जूनवर गेलं. मधल्या काळासाठी एप्रिलमध्ये 'इनटू द लाइट' नावाची भर सगळ्यांना फुकट दिली गेली आणि ती मनापासून केलेली होती. तारीख ढकलल्यावर रिकाम्या हाताने थांबवतात की काही देतात, हे पाहून ठेवा. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. एक्सपान्शनचं कौतुक झालं, आणि दोन महिन्यांच्या आत ते बनवणाऱ्या बंजी कंपनीने २२० माणसांना कामावरून काढलं. ज्यांनी ते बनवलं त्यांतले कित्येक पुढचं बनवायला राहिलेच नाहीत. मला त्या माणसांसाठी फार वाईट वाटलं. ग्राहक म्हणून यातून एवढंच घ्यायचं: कथेचा शेवट पाहायचा असेल तर असं एक्सपान्शन खुशाल घ्या, पण पुढच्या वर्षभराच्या भरवशावर सीझन पास आगाऊ घेऊ नका.

पैशाचं

ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम लागू झाले तेव्हा परदेशी वर्गण्या आपल्या कार्डांवर अडायला लागल्या. तेव्हापासून मी एकेक महिन्याचं भरते आणि तेच बरं आहे. महिना संपला की स्वतःला विचारता येतं, पुन्हा भरायचं का? युरोत भरताना बँक परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, ते हिशेबात धरा.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि त्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. ऑनलाइन खेळात दोन तास कॅरेक्टर आणि सेटिंग लावण्यातच जातात, त्यामुळे याच्यावर फार विसंबू नका.

महागडी आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळायची सोय हल्ली दिसते. वॉरक्राफ्टच्या 'द वॉर विदिन'ची एपिक आवृत्ती घेतलेल्यांना ते अमेरिकी वेळेनुसार २६ ऑगस्ट २०२४ ऐवजी २२ तारखेला खुलं झालं. रेड तिथे उघडली १० सप्टेंबरला, आवृत्ती महागडी असो की साधी. गिल्डसोबत रेड करणाऱ्याला त्या आधीच्या दिवसांनी काहीही मिळत नाही. साधी आवृत्ती घ्या, आणि रेड उघडायच्या आधीच्या आठवड्यात घ्या. तोवर बाकीच्यांनी कमाल लेव्हल गाठून बुधवारी काय चाललंय ते सांगायला सुरुवात केलेली असते.