हिरव्या नंबरप्लेटवर भाळून शेअर घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोनला व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर उभं राहिलं की हवामान बदलावर वेगळं व्याख्यान ऐकायची गरज उरत नाही. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश तापमान दाखवलं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण त्या दिवशी उन्हात फिरलेल्या कुणालाच तो आकडा खोटा वाटला नव्हता. अशा गावात राहणाऱ्या माणसाला 'तेल कंपन्यांत कशाला, ईव्हीवाल्यांत, म्हणजे हिरव्या नंबरप्लेटच्या विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांत पैसे गुंतवू' असं वाटलं तर नवल नाही. मलाही वाटलं, आणि त्या नादात मी जवळपास सगळ्या चुका करून बसलो. आता रविवारी मनीषनगरच्या टपरीवर ओळखीचे लोक मोबाइल पुढे करतात आणि तेव्हा त्याच चुका पुन्हा दिसतात.

स्कूटर आवडली म्हणून शेअर

माझ्या मेहुण्यानं विजेची स्कूटर घेतली. पळायला झकास, आवाज नाही. पंधरा दिवसांत त्यानं त्याच कंपनीचे शेअरही घेतले. पहिल्या उन्हाळ्यात चार्जिंग मध्येच थांबू लागलं, म्हणून आम्ही वर्धा रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. आत जायला वाट नव्हती. कुंपणाला लावून स्कूटरी उभ्या, सीटवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. मी सहज मोजल्या, एकसष्ट भरल्या. सुटा भाग कधी येईल, हे काउंटरवरच्या पोराला ठाऊक नव्हतं.

त्या धुळीचा हिशेब ताळेबंदात कुठेतरी दिसतो. वार्षिक अहवालात 'वॉरंटीसाठी तरतूद', म्हणजे फुकट दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले पैसे, ही ओळ शोधा. विक्री वाढतेय तशी ती वाढली तर समजू शकतं. विक्री जागच्या जागी आणि तरतूद फुगतेय, तर गाड्या परत येताहेत. विक्री वाढूनही तरतूद घटली असेल, तर गाडी खरंच सुधारली आहे का, की नुसता आकडा सुंदर केलाय, हे विचारायचं. मेहुण्यानं हे पान उघडलं, पण शेअर निम्म्यावर आल्यावर. ''दाजी, हे आधी काऊन नाही सांगितलं?'' मी तरी कुठं पाहिलं होतं!

आयपीओच्या पहिल्या महिन्यात उडी

ओला इलेक्ट्रिक या स्कूटर कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना केलेली पहिली शेअरविक्री, ऑगस्ट 2024 मध्ये 76 रुपयांना आला. 9 ऑगस्टला जवळपास त्याच भावात शेअरची बाजारात नोंदणी झाली, काही दिवसांत भाव 157 च्या वर गेला आणि त्याच वर्षी पुन्हा 76 च्या खाली आला. 2023-24 चा 1,584 कोटींचा तोटा माहितीपत्रकात छापलेलाच होता, तो कुणी लपवला नव्हता. 140-150 ला घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पान पाहिलं असेल?

नव्या शेअरच्या बाबतीत लॉक-इनच्या, म्हणजे शेअर विकायची बंदी उठण्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा. अँकर गुंतवणूकदारांचे (आयपीओ खुला होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर 30 दिवसांनी आणि उरलेले 90 दिवसांनी मोकळे होतात. प्रवर्तक सोडून बाकीच्या जुन्या भागधारकांचे सहा महिन्यांनी. या तारखांच्या आसपास विक्रीचा दबाव येऊ शकतो. घ्यायचाच असेल तर त्या उलटून जाऊ द्या. कंपनी कुठे पळून जात नाही.

कंपनीचा आकडा आणि आरटीओचा आकडा

महिना संपला की 'विक्रमी विक्री'ची बातमी येते. ती डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांची आहे, ग्राहकानं नेलेल्या गाड्यांची की नुसत्या बुकिंगची, हे बारकाईनं वाचा. पडताळा फुकटात होतो. सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर कंपनीनिहाय नोंदणी दिसते, अगदी आपल्या आरटीओपर्यंत उतरता येतं. शहराचं एमएच-31, ग्रामीणचं एमएच-40, पूर्व नागपूरचं एमएच-49. मी तिन्ही पाहतो. तेलंगणाचे आकडे त्यात नसायचे, त्यामुळे देशाच्या बेरजेत थोडा फरक धरायचा. सलग तीन महिने दोन आकड्यांत मोठी दरी राहिली, तर माल डीलरच्या गोदामात पडून आहे असं मी समजतो.

घोषणेवर विसंबणं नागपूरकरांना तर शोभतच नाही. विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग मे 2017 मध्ये इथेच झाला, 200 गाड्यांचा गाजावाजा करून. पुढे चार्जिंगच्या रांगांना कंटाळून काही चालक पुन्हा डिझेलकडे वळले.

नाव ईव्हीचं, नफा भलतीकडचा

ऑफिसातल्या एकानं नेक्सॉन ईव्ही ही टाटांची विजेवरची कार पाहून टाटा मोटर्सचा शेअर घेतला. त्याला वाटलं, विजेच्या गाड्यांत पैसे गेले. प्रत्यक्षात त्या शेअरचं भवितव्य बरंचसं इंग्लंडच्या जग्वार लँड रोव्हरवर ठरत होतं. टाटांची ईव्ही कंपनी वेगळी आहे, पण शेअर बाजारात नोंदलेली नाही. महिंद्रांचंही तसंच.

14 ऑक्टोबर 2025 ला सकाळी त्याचा फोन आला, ''भाऊ, एका रात्रीत चाळीस टक्के गेले ना जी!'' गेले नव्हते. व्यापारी वाहनांचा धंदा वेगळा झाला होता, त्या दिवसापासून शेअरचा भाव तो वगळून लागू लागला आणि आदल्या दिवशी 660 च्या आसपास असलेला भाव 400 वर उघडला. त्या वेगळ्या झालेल्या कंपनीचा शेअर एकास एक मिळायचा होता, तो नोव्हेंबरमध्ये बाजारात आला. तुमच्या ॲपमध्ये अजूनही मोठा तोटा दिसत असेल, तर खरेदी किंमत दोन शेअरमध्ये विभागली गेली आहे का ते बघा. त्याचं प्रमाण कंपनी जाहीर करते. त्या सकाळी घाबरून विकणारे मला दोघं माहीत आहेत.

ईव्हीच्या नावाच्या फंडांतही हेच. यादी उघडली की पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जगणाऱ्या कंपन्या वरच्या रांगेत भेटतात. त्यात गैर काही नाही, पण पैसे देण्याआधी ती यादी वाचलेली बरी.

अनुदान कायमचं धरून चालणं

फेम-2 या केंद्राच्या ईव्ही अनुदान योजनेत दुचाकीला जून 2021 पासून बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला 15,000 रुपये मिळत. जून 2023 पासून ते 10,000 झाले आणि किमतीच्या 40 टक्क्यांची मर्यादा 15 टक्क्यांवर आली. मग 22 सप्टेंबर 2025 ला 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. ईव्हीचा 5 टक्केच राहिला, म्हणजे करातली आघाडी 23 टक्क्यांची 13 झाली. कंपनीच्या नफ्याचा अंदाज बांधताना एक रकाना 'अनुदान शून्य' असा आखा. तरीही ती तगत असेल तर पुढचं पान उलटा.

'कोराडीच्या कोळशावर चालते, मग कसली हिरवी?'

हा टोमणा नागपुरात हमखास ऐकू येतो, कारण कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या दारातच आहेत. टोमणा अर्धाच खरा आहे. आपल्या ग्रीडमधल्या (देशभरच्या वीजजाळ्यातल्या) एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटरला 100 किलोमीटरला चार्जिंगमधल्या गळतीसह साडेतीन युनिट धरा, झाले अडीच किलो. लिटरला 45 देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतराला पाच किलोच्या आसपास सोडते. बॅटरी बनवतानाचा धूर त्यात धरलेला नाही, पण रोज चालणारी गाडी तो फरक भरून काढते.

मात्र हा फायदा गाडी चालवण्याचा आहे. बाजारात तुम्ही शेअर घेता तेव्हा तो दुसऱ्या भागधारकाकडून घेता, कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही जात नाही. हवेसाठीच काही करायचं असेल तर छतावर सोलर लावा. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे आणि आपल्या उन्हात दर किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट सरासरी पडतात. मी आधी ते केलं, मग उरलेल्यातले थोडे पैसे या शेअरना दिले.

कंपनी किती हिरवी आहे हे पाहायला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल आहे. 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्यात कारखान्याची वीज कुठून येते आणि जुन्या बॅटऱ्यांचं काय होतं, एवढं वाचलं तरी पुष्कळ. झाडं लावल्याचे फोटो सोडून द्या.

आधीच फसला असाल तर

पडतोय म्हणून आणखी घेत राहू नका. सरासरी किंमत खाली येते, पण पैसा एकाच ठिकाणी साचत जातो. तोटा नोंदवून मोकळं व्हायचं असेल तर 31 मार्चच्या आत विका. तो पुढची 8 वर्षं भांडवली नफ्यातून वळता करता येतो, पण प्राप्तिकराचं विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. माझं एका वर्षी मुदत उलटून ऑगस्टमध्ये भरलं गेलं, आणि तेवढा तोटा वाया गेला.