तालुक्याची लोकसंख्या वाचावी कशी: रत्नागिरीचे आकडे समोर ठेवून

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती आणि २०११ साली ती १६,१५,०६९ भरली, म्हणजे ज्या दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, त्याच दशकात हा जिल्हा जवळजवळ ५ टक्क्यांनी घटला. अशी घट दिसताच कारण ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो; तो आवरून आधी पुढील तपासणी करावी.

प्रथम हद्द पाहावी. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे जिल्ह्याचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. तालुके जुळवून बेरीज नव्याने करावी लागते. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची हद्द तीच होती, म्हणून वरची घट खरी मानता येते.

त्यानंतर स्त्री-पुरुष प्रमाण घ्यावे, आणि खरी गंमत इथेच आहे. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. एवढ्यावरून इथे मुलींचे स्वागत अधिक होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण शून्य ते सहा वयोगटात हेच प्रमाण ९३६ आहे. राज्याच्या ८९४ पेक्षा ते बरे असले तरी हजाराच्या खालीच आहे. लहानपणी मुलगे अधिक आणि एकूण लोकसंख्येत स्त्रिया अधिक, याचा मुख्य अर्थ असा की कमावत्या वयाचे पुरुष बाहेर आहेत. जनगणनेच्या संपूर्ण कालावधीत जो घरी नसतो तो गावात मोजला जात नाही; मुंबईतला चाकरमानी मुंबईतच मोजला जातो, गावच्या घराशी त्याचे नाते कितीही घट्ट असो.

हा अंदाज वयोगटांच्या तक्त्यावर पडताळावा. वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांची रांग अरुंद आणि साठीपुढची रुंद दिसली तर तो बळावतो. मात्र वय सांगताना लोक चाळीस, पन्नास असे गोल आकडे सांगतात, म्हणून एकेका वर्षाऐवजी पाच किंवा दहा वर्षांचे गट धरावेत. स्थलांतराच्या तक्त्यांत स्त्रियांचा आकडा मोठा दिसतो, पण त्यांतील बहुतेकींचे कारण विवाह असते. रोजगारासाठीचे स्थलांतर त्यातून वेगळे काढावे.

२०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०११ नंतरच्या बदलासाठी स्थानिक नोंदींकडे वळावे लागते. तिथेही सावध राहावे: जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात जन्मलेले गावाचे मूल ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत सापडणार नाही. शाळेचा पट घटला तरी मुले कमी झाली असे लगेच लिहू नये. ती शेजारच्या मोठ्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात असतील, आणि हे पालकांना विचारल्याशिवाय कळत नाही.