हिवाळ्यात डोंगरात वाट चुकलात? निदान या चुका तरी टाळा

दर डिसेंबर-जानेवारीत एक तरी फोन येतोच. "दादा, आमची पोरं हरिश्चंद्रगडाच्या बाजूला अडकलीत, रेंज गेलीय, काय करू?" मग सगळी रामकहाणी कळते आणि ती दरवेळी तीच असते. निघायला उशीर, मोबाईलमध्ये कोणाची तरी जीपीएक्स फाइल (दुसऱ्याने चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद), रील काढण्यात दोन तास, मग अंधार. वाट चुकणं हा काही गुन्हा नाही, मी 25 वर्षं फिरतोय आणि अजून चुकतो. पण चुकल्यावर पुढच्या तासाभरात लोक जे उद्योग करतात ना, त्याने डोकं फिरतं.

सगळ्यात डेंजर उद्योग म्हणजे ओढा पकडून खाली सुटणं. कुठेतरी वाचलेलं असतं की पाणी शेवटी गावाला जातं. जातं की, पण पाण्याला कड्यावरून पडलं तरी काही होत नाही. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरावर थर, कडा, मग पदर (मधली सपाट पट्टी), मग परत कडा, त्यामुळे इथली घळ टप्प्याटप्प्याने तुटते. पहिला टप्पा 6 फूट, उडी मारता. दुसरा 10 फूट, बूड घासत उतरता. तिसरा 50 फूट, आणि तोवर मागचे दोन परत चढता येत नाहीत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. रतनगड ते हरिश्चंद्रगड करत होतो, जानेवारी, चौघं जण. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरताना जंगलात ढोरवाटांचं जाळं आहे, त्यातली एक मळलेली वाटली म्हणून धरली आणि ती कारवीत जाऊन विरली. सहा वाजून गेलेले, जानेवारीत सव्वासहाला सूर्य गेलेला असतो. मागे दहा मिनिटांवर चांगली सपाटी होती, तिथे परत जायला हवं होतं. पण "आता खाली गाव असणारच" म्हणत शेजारच्या कोरड्या घळीत शिरलो, आणि हे म्हणणारा मीच होतो. दुसऱ्या टप्प्याला एक मित्र घसरून खालच्या कुंडात कमरेपर्यंत भिजला. तिसऱ्या टप्प्याशी बॅटरीचा झोत मारला तर खाली तळच दिसेना. झालं, रात्र तिथेच.

आणि रात्र काढायला घळ ही सगळ्यात वाईट जागा. थंड हवा जड असते, ती उतारावरून सरकत येऊन खळग्यात साचते. भिजलेला मित्र आधी कडाकडा दात वाजवत होता. मग अकराच्या सुमाराला म्हणाला, "आता नाही रे वाजत थंडी," आणि आम्हाला बरं वाटलं! ओले कपडे अंगावर असताना कुडकुडणं बंद झालं म्हणजे शरीराने हात टेकले, एवढी अक्कल तेव्हा कोणालाच नव्हती. त्याची जीभ जड झालेली, स्वेटरची चेन लावता येईना, आणि वर चिडचिड. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की असं व्हायला लागतं, डोकं आधी मंद होतं आणि आपलं डोकं मंद झालंय हे त्याच डोक्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. नशिबाने एकाच्या सॅकमध्ये कोरडी थर्मल होती. ओलं सगळं काढलं, कोरडं घातलं, खाली दोर आणि रिकाम्या सॅका, त्याला मध्ये घेऊन तिघं चिकटून बसलो आणि गुळाची चिक्की थोडी थोडी चघळायला दिली. तासाभराने परत कुडकुडायला लागला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सकाळी आमच्या शिट्ट्या ऐकून गुरं घेऊन निघालेले एक मामा वर आले. आम्हाला बाहेर काढल्यावर एवढंच म्हणाले, "वरच्या सपाटीला बसला असता तर माझ्या घरचा दिवा दिसला असता तुम्हाला."

तेव्हापासून माझी सवय अशी की वाट गेली असं वाटलं की आधी बसायचं. पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, मग शेवटची नक्की माहीत असलेली जागा आठवायची आणि उजेड असेल तरच तिथवर मागे जायचं. उजेड नसेल तर मुक्काम. अंधारात समोर खूण नसली की माणूस सरळ चालतोय असं वाटून गोल फिरतो, त्यालाच आपल्याकडे चकवा म्हणतात, त्यात भूतबित काही नाही.

"एवढी काय थंडी असते आपल्याकडे" म्हणणाऱ्यांसाठी: हायपोथर्मियाला, म्हणजे मित्राचं झालं तसं शरीर आतून गार पडायला, बर्फ लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. आणि हिमालयात तर महिना बघूच नका. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकला 22 जणांचा ग्रुप वादळात सापडला, 9 जण गेले. जूनमध्ये!

दारू. "थोडी घेतली की गरम वाटतं." वाटतंच फक्त. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली ऊब बाहेर जाते. यावर मी वाद घालत नाही, बाटली दिसली तर ट्रेकला नेत नाही.

जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट: नको. घामाने भिजतो आणि रात्रभर ओला राहतो.

कातळावर थेट बसणं हे पण तसंच. वरून तीन जॅकेटं घालतील आणि खाली गार दगड, तो ऊब शोषून घेतो. सुका पाला, सॅक, काहीही, पण वीतभर जाड थर खाली हवाच. मी दोन मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्या कायम ठेवतो, एक अंगात घालायला, एक पाला भरून गादी करायला. पोरं हसतात. हसू देत.

शेकोटी पेटवण्याआधी आजूबाजूला बघा. जानेवारीत पठारावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा, मग थंडीचा प्रश्न कायमचा सुटतो.

मोबाईलचा टॉर्च लावून चालणं बंद करा. थंडीत बॅटरी आधीच लवकर बसते. फोन एअरप्लेन मोडवर, अंगाजवळच्या खिशात, आणि तासातासाने उंचवट्यावर येऊन 112 हा आपत्कालीन नंबर लावून बघायचं. कॉल जात नसला तरी एसएमएस कधीकधी निसटतो, घरच्यांना जागा, किती जण, कोणाला काय झालंय हे एकाच मेसेजमध्ये लिहा. आणि "मी पुढे जाऊन बघून येतो" हे वाक्य बोलणाऱ्याला धरून बसवा, नाहीतर दोन शोधमोहिमा कराव्या लागतात.

परदेशातून येणाऱ्यांनो, तिकडचं सॅटेलाइटवरून कॉल-मेसेज करायचं यंत्र परवानगीशिवाय इथे आणू नका, आपल्याकडे त्यावर बंदी आहे, विमानतळावरच अडकाल. त्यापेक्षा पायथ्याच्या गावात एका मामांना सांगून जा, कुठून चढणार, कुठे उतरणार, कधी. आणि घरी पोचलात की त्यांना फोन करा, नाहीतर ती माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगरात हिंडतात. आमच्यासाठी एकदा हिंडलीत, तेव्हा आम्ही कसाऱ्याला लोकलमध्ये झोपलेलो होतो.